चोवीस किलोंची भीती

आमच्या स्वयंपाकघरात पोळ्यांच्या डब्याशेजारी एक छोटा डिजिटल वजनकाटा असतो. दिवाळीच्या फराळाची मापं घ्यायला आईने तो आणला होता. दोन वर्षांपूर्वी आषाढात, बाहेर बेळगावचा पाऊस धो धो कोसळत असताना, त्या काट्यावर आठवडाभर भलत्याच वस्तू चढत होत्या. पायमोजे. सायकलची ट्यूब. अर्धा कापलेला टूथब्रश. तंबूच्या खिळ्या. धाकटा वजन सांगायचा आणि मी वहीत लिहायची. बाबांनी दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "तुम्ही हिमालयात निघालाय की सोनं विकायला?"

आई हसली नाही. तिला माहीत होतं की आदल्या वेळी आम्ही काहीच न तोलता निघालो होतो आणि त्याची किंमत काय पडता पडता राहिली.

ती आदली गोष्ट आधी सांगते.

मनाली ते लेह हा रस्ता सायकलने जायचं वेड धाकट्याच्या डोक्यात कॉलेजात असताना शिरलं आणि मग माझ्याही. सोबत मदतीची गाडी नाही, सामान आपल्याच सायकलवर, जायचं आपल्याच पायांच्या जोरावर. वाटेत पाच खिंडी: रोहतांग, बारालाचा, नकी ला, लाचुंग ला आणि सगळ्यांत उंच तांगलांग ला, ५,३०० मीटरपेक्षाही वर. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. म्हणजे उंचीची आम्हाला सवय शून्य. पण चोर्ला घाट चढून आलो की आम्हाला वाटायचं, आपण तयार आहोत.

रजा मोजकीच होती. जाण्यायेण्याचे दिवस वजा करता रस्त्यासाठी आठ दिवस उरले. सामान मात्र भरपूर. माझ्या सायकलवर चोवीस किलो आणि धाकट्याच्या सायकलवर थोडं जास्तच. गोवा एक्स्प्रेसने दोन रात्री प्रवास करून दिल्ली, तिथून बसने मनाली, आणि एका सकाळी आम्ही निघालो. पहिल्याच चढाला कळलं की ही सायकल नाही, हातगाडी आहे. मढी, सिस्सू, केलाँग, जिस्पा असे मुक्काम करत गेलो. रोज ठरल्यापेक्षा दोन-तीन तास उशीर. रोज पाय दुखून झोप नाही.

पाचव्या दिवशी जिस्पाहून निघालो आणि झिंगझिंगबारला पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले. समोर बारालाचा खिंड, उंची सुमारे ४,९०० मीटर. अंगात त्राण नव्हतं आणि वेळापत्रक तर केव्हाच कोलमडलं होतं. तेवढ्यात एक ट्रकवाला थांबला. म्हणाला, सरचूपर्यंत सोडतो. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि सायकली ट्रकात टाकल्या. तेव्हा वाटलं, नशीब उघडलं.

सरचू ४,३०० मीटरच्या आसपास आहे आणि जिस्पा ३,२०० च्या. डोंगरातला साधा नियम असा की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. आम्ही एका दिवसात अकराशे मीटर वर आलो होतो. नियम मी वाचलेला होता. वाचलेला असून मोडला, हे इथे लिहून ठेवते.

रात्री दहाला धाकट्याचं डोकं दुखायला लागलं. अकराला उलटी. बारा वाजता तो मला काहीतरी सांगत होता आणि वाक्य मधेच विसरत होता. मला आठवलं, की अशा वेळी माणसाला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगतात. विरळ हवेने मेंदूला सूज येऊ लागली तर आधी तोल जातो. ढाब्याच्या तंबूत, कंदिलाच्या उजेडात मी त्याला चालायला लावलं. चार पावलं टाकली आणि तो दारू प्यायल्यासारखा बाजूच्या पलंगावर कलंडला.

यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. आणि सरचूचा पेच हाच आहे. तिथून खाली जायलाही आधी वर जावं लागतं. लेहच्या बाजूला नकी ला आणि लाचुंग ला, मनालीच्या बाजूला बारालाचा. ढाबेवाल्या काकूंनी त्याचं चालणं पाहिलं होतं. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. शेजारच्या तंबूतल्या गाडीवाल्याला हाक मारून उठवलं, धाकट्याला दोन रजयांत गुंडाळलं आणि आम्हाला गाडीत बसवलं. रात्री दीड वाजता सहाशे मीटर चढून बारालाचा ओलांडताना मी त्याचा हात धरून बसले होते. तो अधूनमधून घरातल्या कुत्र्याबद्दल बोलत होता. आमच्या घरात कुत्रं नाही.

दारच्याला उतरेपर्यंत उजाडत आलं होतं. जिस्पाच्या जवळ आल्यावर त्याने पाणी मागितलं आणि विचारलं, "ताई, सायकली कुठायत?" तेव्हा मी रडले. केलाँगच्या दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला, औषध दिलं आणि दोन दिवसांत तो चालायला लागला. मोहीम संपली. सायकली चार दिवसांनी एका टेम्पोतून मनालीला आल्या.

घरी आल्यावर पिशव्या उघडल्या. चोवीस किलोंतलं निम्मं सामान आम्ही एकदाही बाहेर काढलेलं नव्हतं. बाबांनी दिलेली जाडजूड विजेरी, कारण रात्री अंधार असतो. काकांनी दिलेली लोखंडी साखळी आणि कुलूप, कारण सायकली चोरीला जातात. मावशीची चादर, कारण थंडी असते. आईचा तीन किलो फराळ, कारण तिकडे काय मिळतं कोण जाणे. माझे स्वतःचे सहा टी-शर्ट आणि एक जाड पुस्तक, कारण... त्याचं कारण मला आजही सांगता येत नाही. सगळं जमिनीवर मांडल्यावर लक्षात आलं, की यातली प्रत्येक वस्तू म्हणजे कुणाची तरी भीती आहे. घरातल्या सगळ्यांनी आपापली भीती आमच्या सायकलवर बांधली होती आणि आम्ही ती मनालीपासून ओढत नेली होती. ज्या गोष्टीची खरी भीती बाळगायला हवी होती, ती उंची मात्र कुणाच्याच यादीत नव्हती.

नंतरच्या वर्षभरात मी हलक्या सामानाने डोंगर करणाऱ्यांबद्दल बरंच वाचलं. अमेरिकेत रे जार्डिन नावाच्या गृहस्थांनी १९९२ मध्ये याविषयी पुस्तक लिहिलं आणि ही पद्धत तिकडे रुजली. हे लोक पाणी, अन्न आणि इंधन सोडून उरलेल्या सामानाचं वजन धरतात, कारण ते रोज तेवढंच राहतं. ते साडेचार किलोंच्या आत आणायचं, असा त्यांचा पण असतो. पण मला खरी आवडली ती एम्मा गेटवूड ही आजी. ओहायोतली, अकरा मुलांची आई. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, तिने अॅपलेशियन ट्रेल ही तीन हजारांहून जास्त किलोमीटरची डोंगरवाट एकटीने, एकाच मोसमात पुरी केली. असं करणारी ती पहिली स्त्री. खांद्यावर घरी शिवलेली कापडी पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, अंगावर घ्यायला एक ब्लँकेट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. आणि त्याच्या आदल्या वर्षी काय झालं होतं, ते वाचून मला हायसं वाटलं. १९५४ साली ती निघाली होती, पण वाट चुकली, चष्मा फुटला आणि तिला परत फिरावं लागलं. घरी जाऊन तिने पुढच्या वर्षाची तयारी केली.

मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यात काय नवल? माझी आजी पंढरीला जायची तेव्हा एका गाठोड्यात तिचं सगळं असायचं. एक लुगडं, एक घोंगडी, तांब्या आणि तहानलाडू-भूकलाडू." मग थोडं थांबून म्हणाली, "पुन्हा जाणार असाल तर यादी मला दाखवायची."

अशा रीतीने वजनकाटा आला.

नियम आईने घातला. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवायची आणि विचारायचं, ही नसली तर काय होईल? उत्तर "थोडी गैरसोय" असेल तर ती घरी राहील. "जीवाला धोका" असेल तर येईल, मग वजन कितीही असो. विजेरी गेली, कपाळावर बांधायचा छोटा दिवा आला. लोखंडी साखळी गेली. रात्री दोन्ही सायकली तंबूच्या दोरीला बांधायच्या ठरल्या. टी-शर्ट दोन. पुस्तक नाही. तीन किलोंचा तंबू देऊन दीड किलोचा घेतला. झोपायची पिशवी पिसांची घेतली, एक किलोच्या आत. पिसं भिजली की ऊब जाते, म्हणून तिला आतून जाड पॉलिथिनची पिशवी. सायकलच्या चौकटीत बसणारी तिकोनी पिशवी शहापूरच्या एका शिंप्याकडून शिवून घेतली, आणि कपड्यांच्या लहान पिशव्या आईने जुन्या छत्र्यांच्या कापडाच्या शिवल्या. बेळगावात मोडक्या छत्र्यांना तोटा नाही.

स्टोव्ह नेला नाही. त्यामागे हिशेब होता. त्या रस्त्यावर उन्हाळी हंगामात, साधारण जून ते सप्टेंबर, ठिकठिकाणी ढाब्यांचे तंबू उभे असतात. आणि ४,५०० मीटरच्या वर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ-तांदूळ शिजवणं म्हणजे इंधनाची नासाडी. एका दिवसाचं कोरडं खाणं सोबत ठेवलं की पुरे.

खाण्याचंही आईने गणित केलं. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी, साखर-पिठाच्या एका ग्रॅममध्ये चार. म्हणजे पाठीवर वाहून न्यायचं तर तूप, खोबरं आणि शेंगदाणे यांच्याइतकं स्वस्त काही नाही. चिवडा बाद झाला, कारण तो वजनाला हलका पण पिशवीभर जागा खातो. डिंकाचे लाडू पास झाले, चाळीस ग्रॅमचा एक.

शेवटी माझ्या सायकलवरचं सगळं सामान, एका दिवसाच्या खाण्यापाण्यासकट, दहा किलो भरलं. मी, सायकल आणि सामान मिळून आधी सत्त्याण्णव किलो चढ चढत होतो, आता त्र्याऐंशी. घाट चढताना श्रम वजनाच्या प्रमाणात लागतात, म्हणजे जवळपास सातवा हिस्सा श्रम घरीच ठेवले. जुलैच्या पावसात गोव्याच्या बाजूला केरीला उतरून पुन्हा चोर्ला चढलो, तेव्हा हा सातवा हिस्सा मांड्यांना कळला.

पण सगळ्यांत मोठा बदल काट्यावर दिसणारा नव्हता. आम्ही वजन निम्म्याहून कमी केलं आणि दिवस जवळपास दुप्पट केले. आठाचे चौदा. त्यासाठी धाकट्याने वर्षभर एकही सुट्टी घेतली नाही आणि मी बिनपगारी रजा मागितली. आईची हीच एक अट होती.

ऑगस्टच्या शेवटी निघालो. रोहतांगच्या खालून आता नऊ किलोमीटरचा अटल बोगदा आहे, २०२० साली सुरू झालेला. पण आम्ही जुन्या रस्त्याने खिंडीवरूनच गेलो. जिस्पाला दोन रात्री राहिलो. नदीकाठी बसून कपडे धुतले, झोपलो. पुढचा मुक्काम पत्सेओ, आपल्याच तंबूत. मग झिंगझिंगबार, ४,२०० मीटरच्या वर. तिथे सकाळी उठल्यावर धाकटा म्हणाला, "ताई, डोकं थोडं जड आहे." उलटी नाही, तोल ठीक, भूकही होती. पण ठरलं होतं की डोकं दुखत असताना वर जायचं नाही. आम्ही थांबलो. दुपारी चहा पीत बसलो असताना एक ट्रक थांबला. ड्रायव्हर मोठ्या मनाने म्हणाला, चला, सरचूला सोडतो. धाकट्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला हात जोडून म्हणाला, "आज नहीं भैया, शुक्रिया." मला त्या क्षणी जेवढा आनंद झाला, तेवढा पुढे तांगलांग ला वरही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं हलकं झालं आणि आम्ही बारालाचा चढलो. सूरजतालाचं निळं पाणी या वेळी उजेडात पाहिलं. पण वर पोचलो आणि गारा सुरू झाल्या. इथे माझी चूक सांगायला हवी. काट्याच्या नादात आम्ही हातमोज्यांवर घालायचे पावसाळी मोजे घरी ठेवले होते. दोघांचे मिळून दोनशे ग्रॅमसुद्धा नसतील. चढताना त्यांची गरज वाटत नाही. उतारावर ओली लोकर आणि वारा, दहा मिनिटांत बोटं बधिर. ब्रेक दाबतोय की नाही हेच कळेना. सायकल हाताने धरून भरतपूरच्या ढाब्यापर्यंत चालत गेलो. तिथे पावाची रिकामी प्लॅस्टिक पाकिटं मागितली आणि मोज्यांवर चढवून मनगटाला रबर लावलं. गेटवूड आजींच्या न्हाणीघराच्या पडद्याची आठवण झाली. आईच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही चुकीचं दिलं होतं. हात भिजणं ही गैरसोय नव्हती, धोका होता. हलकं जायचं म्हणजे कमी न्यायचं एवढंच नाही. काय टाकायचं नाही हे आधी पक्कं हवं.

लाडवांचंही सांगते. तिथल्या थंडीत तुपाचा लाडू दगड होतो. पहिल्या दिवशी दात हलला. नंतर आम्ही सकाळी निघताना दोन लाडू जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवायचो, खिंडीपर्यंत ते माणसात यायचे.

संध्याकाळी सरचूला पोचलो. आमच्या दहा किलोंत एक वस्तू अशी होती जी आईच्या नियमात कुठेच बसत नव्हती. पाव किलो गोकाकचं करदंट. ते तिनेच काट्यावर ठेवलं होतं आणि वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "ढाबेवाल्या बाईंसाठी. २५० ग्रॅम. हे जाईल."

काकू होत्या. तंबूची जागा थोडी सरकली होती, पण त्याच होत्या. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही, कसं ओळखणार, एका हंगामात किती माणसं येतात. धाकट्याने ती रात्र सांगितली. रजया, गाडीवाला, बारालाचा. त्या ऐकत राहिल्या. मग चुलीजवळून उठल्या, कंबरेवर हात ठेवला आणि त्याला म्हणाल्या, "सीधा चलके दिखाओ."

तंबूतले चार ट्रकवाले बघत होते. धाकटा टाचेला अंगठा लावत दारापर्यंत गेला आणि परत आला. एक पाऊलही वाकडं पडलं नाही. काकूंनी मान हलवली, करदंटाचं पाकीट घेतलं, त्यातला एक तुकडा तोंडात टाकला आणि आमच्या ताटात राजमा वाढला.

पुढचे दिवस चांगले गेले. गाटा लूप्सची एकवीस वळणं धापा टाकत पण न उतरता चढलो. मोरे मैदानात वाऱ्याने हैराण केलं. तांगलांग ला वर पोचलो तेव्हा हवेचा दाब घरच्यापेक्षा किती तरी कमी, म्हणजे दहा पेडल मारले की थांबायचं. वर फोटो काढला, अर्धा-अर्धा लाडू खाल्ला आणि उतरलो. चौदाव्या दिवशी दुपारी लेह. बाबांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सोनं विकलंत का?"

आपल्यापैकी कुणाच्या घरातला मुलगा किंवा मुलगी असं काही करायचं म्हणत असेल, तर माझं सांगणं एवढंच. आधी जवळचा घाट करा, तो भर पावसात करा. भिजल्यावर काय बिघडतं ते घराजवळ कळलेलं बरं. उंचीवर जाण्याआधी डॉक्टरांशी बोला. महागडं सामान घेण्याआधी घरातलं सगळं एकदा तोलून बघा. आणि आईवडील म्हणून काही बांधून द्यायचंच असेल, तर आणखी एक स्वेटर देऊ नका. दोन दिवस जास्त द्या. "उशीर झाला तरी चालेल, नाही पोचलात तरी चालेल," हे मुलांना निघताना ऐकू आलं, तर ती ट्रकला नाही म्हणू शकतात.

वजनकाटा आता पुन्हा फराळाला लागलाय. वहीचं शेवटचं पान मात्र आईने फाडलेलं नाही. त्यावर पावसाळी हातमोज्यांची ओळ तिने लाल पेनने पुन्हा लिहिली आहे आणि खाली दोनदा रेघ मारली आहे.